‘साहित्य आणि पद्धती’ हे प्रकरण कसं लिहायचं: खान्देशातल्या नव्या संशोधकांसाठी

प्रबंधातलं सगळ्यात सोपं प्रकरण कोणतं, असं पीएचडीला नव्याने नाव घातलेल्या कुणालाही विचारा. ‘मटेरियल्स अँड मेथड्स’ हेच उत्तर येतं. जे केलं तेच तर उतरवायचं, त्यात काय अवघड? म्हणून ते शेवटच्या महिन्यावर ढकललं जातं. मग व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरचे परीक्षक येतात, निकालांचं प्रकरण बाजूला ठेवतात आणि विचारतात, “ही माती किती खोलीवरची?” तिथून पुढचा अर्धा तास घाम काढतो.

माझं काम केळीच्या बागांमधल्या मातीवर झालं, त्यामुळे उदाहरणं माती-केळीचीच जास्त येतील. पाण्याचं, वनस्पतींचं, औषधनिर्माणशास्त्राचं किंवा सर्वेक्षणाचं काम करणाऱ्यांसाठीही मधेमधे लिहिलं आहे. तुमचा विषय सापडला नाही तरी प्रश्न साधारण हेच असतात.

कसोटी एकच धरा. तुमचं प्रकरण नंदुरबारच्या एखाद्या कॉलेजातल्या, तुम्हाला अजिबात न ओळखणाऱ्या मुलीच्या हातात पडलं, तर तुम्हाला एकही फोन न करता तिला तोच प्रयोग करता आला पाहिजे. प्रत्येक वाक्य लिहून झाल्यावर विचारा, इथे तिचा फोन येईल का? येणार असेल तर वाक्य अपुरं आहे.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- बांधीव नोंदवही, पानांना क्रमांक घातलेली. सुटे कागद आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेली रीडिंग्ज ही नोंदवही नव्हे.
- प्रत्येक उपकरणाच्या मागच्या पट्टीचा फोटो: कंपनी, मॉडेल, शक्य असेल तर शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं ते.
- रसायनांच्या बाटल्यांच्या लेबलांचे फोटो: कंपनी, ग्रेड, बॅच नंबर. बाटली संपली की शिपाई ती फेकून देतो, आणि ग्रेड एआर (विश्लेषणासाठीचं शुद्ध) होता की एलआर (साधं प्रयोगशाळेचं) हे मग कुणालाच सांगता येत नाही.
- नमुन्यांची यादी: कोड, गाव, गट नंबर, तारीख, खोली, अक्षांश-रेखांश.
- पद्धतींचे मूळ पेपर. कुणीतरी त्यांचा उल्लेख केलेले पेपर चालणार नाहीत.
- परवानग्या आणि संमतीपत्रांच्या प्रती.
- विद्यापीठाचे प्रबंधाच्या मांडणीचे नियम, किंवा ज्या जर्नलला पेपर पाठवायचा त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना.
- सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती.

शोधगंगावर (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) तुमच्या विषयातले दोन-तीन चांगले प्रबंध उघडून हे प्रकरण कसं मांडलंय ते बघून घ्या. बघायला हरकत नाही, उचलायला आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

१. प्रयोगाच्या दिवशीच पहिला मसुदा लिहा

टायट्रेशन संपलं, ब्युरेट धुऊन ठेवली, की घरी जायच्या आधी पाच-सहा ओळी लिहायच्या. किती ग्रॅम घेतलं, किती वेळ हलवलं, कोणता फिल्टर पेपर, रंग किती वेळाने वाचला. ही वाक्यं ओबडधोबड असली तरी चालतील. दोन वर्षांनी ‘साधारण अर्धा तास हलवलं असेल’ अशी आठवण काढत बसण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

यातली मेख अशी की आपण पुस्तकातली पद्धत वाचून कामाला लागतो आणि लिहितानाही पुस्तकातलीच पद्धत लिहितो. प्रत्यक्षात मधे काहीतरी बदललेलं असतं. शेकर बंद होता म्हणून हाताने हलवलं, सांगितलेला फिल्टर पेपर नव्हता म्हणून दुसरा वापरला, लाइट गेली म्हणून ओव्हनमधला नमुना दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवला. धुळ्याकडची एक सीनियर ज्युनिअरांना अहिराणीत बजावायची: “तू काय करं ते लिख, पुस्तकमा काय शे ते नको.” या प्रकरणाबद्दलचा यापेक्षा नेमका सल्ला मी अजून ऐकलेला नाही.

बदल लपवायचा नसतो. ‘मूळ पद्धतीत अमुक आहे, इथे तमुक केलं’ असं सरळ लिहिलं की परीक्षक पुढे जातो. न लिहिलेला बदल आकड्यांतून बाहेर पडतोच.

२. जागा आणि काळ: इतिहास नको, शिवार हवं

‘अभ्यासक्षेत्र’ असं शीर्षक दिसलं की आपल्याकडे लेखणीला पाय फुटतात. सातपुडा, तापी, फारुकी राजवट, अजिंठ्याचे डोंगर, जिल्ह्याची लोकसंख्या, रेल्वेमार्ग. मातीतल्या स्फुरदावरच्या (फॉस्फरसवरच्या) प्रबंधात फारुकी सुलतानांचं काहीच काम नसतं. पण ज्या बागेतून माती घेतली ती ठिबकवर होती की पाटपाण्यावर, हे मात्र नेमकं राहून जातं.

कामाच्या गोष्टी एवढ्याच: गाव आणि तालुका, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, मातीचा प्रकार, पाण्याची सोय, आधीचं पीक आणि तारखा. पावसाचा आकडा देणार असाल तर जिल्ह्याची सरासरी देऊ नका. प्रयोगाच्या वर्षी पडलेला पाऊस द्या आणि तो कोणत्या केंद्रावर मोजलेला आहे तेही सांगा.

केळीचं काम असेल तर आणखी चार शब्द लागतात. मृगबाग की कांदेबाग? नवी लागवड की पिलबाग (आधीच्या झाडांच्या पिलांपासूनची)? टिश्यूकल्चरची रोपं की कंद? वाण ग्रँड नैन की श्रीमंती? जून-जुलैत लावलेली मृगबाग आणि पावसाळा सरल्यावर लावलेली कांदेबाग यांची निसवण (घड बाहेर पडणं) वेगळ्या हवामानात येते. एकीतल्या पानाचं नत्र दुसरीतल्या पानाच्या नत्राशी ताडून बघणं म्हणजे आंब्याची चव चिंचेला विचारणं. आपल्या शेतकऱ्याला हे न सांगता कळतं, पण पेपर वाचणारा ब्राझीलचा किंवा फिलिपाइन्सचा असू शकतो. त्याच्यासाठी महिने लिहा, ‘निसवणीच्या वेळी’ म्हणजे लागवडीनंतर किती दिवसांनी तेही लिहा. पानाचा नमुना घेतला असेल तर पान वरून कितवं आणि त्याचा कोणता भाग कापला, हे हवंच.

३. नमुना कसा घेतला: इथेच सगळं ठरतं

आधी एक नेहमीचं वाक्य बघू:

‘केळीच्या शेतांतून मातीचे नमुने गोळा करून प्रमाणित पद्धतीने सेंद्रिय कर्ब, स्फुरद व पालाश तपासले.’

या एका वाक्यावर नंदुरबारहून किमान सहा फोन येतील. तेच असं लिहून बघा (आकडे मासल्यापुरते आहेत):

‘रावेर तालुक्यातील ठिबकवर असलेल्या पाच केळीबागांतून (ग्रँड नैन, मृगबाग, नवी लागवड) निसवणीच्या वेळी, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मातीचे नमुने घेतले. प्रत्येक बागेत नागमोडी चालत १५ ठिकाणी, ड्रीपरपासून ३० सेंमी अंतरावर, ०–३० सेंमी खोलीची माती काढली. बांधालगतची आणि शेणखताच्या ढिगाजवळची जागा वगळली. पंधरा उपनमुने मिसळून चौथाई पद्धतीने अर्ध्या किलोचा एक संमिश्र नमुना केला. नमुने सावलीत वाळवून, लाकडी दांड्याने फोडून २ मिमी चाळणीतून चाळले. सेंद्रिय कर्बासाठी त्यातला काही भाग ०.५ मिमी चाळणीतून पुन्हा चाळला.’

लांबी पाचपटीहून जास्त झाली, पण एकही शब्द फुकटचा नाही. (चौथाई म्हणजे ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवत जाणं.) ड्रीपरपासूनचं अंतर का हवं? ठिबकखाली ओलावा गोल पसरतो आणि क्षार त्या ओल्या गोलाच्या कडेला साठतात. ड्रीपरच्या बुडाशी घेतलेली माती आणि दोन ओळींच्या मधली माती एकाच बागेची असूनही क्षारतेचे आकडे वेगळे देते. लाकडी दांडा का? जस्त-लोह तपासायचं असेल तर लोखंडी घणाचा कण आकडा बिघडवतो. अशी कारणं प्रकरणात लिहायची गरज नाही, पण व्हायवाला तोंडावर हवीत.

पाण्याचे नमुने असतील (तापी, गिरणा, पांझरा, गावची विहीर, कूपनलिका) तर वेळ, खोली, बाटली प्लास्टिकची की काचेची, आम्ल घालून टिकवलं की नाही आणि किती तासांत तपासलं हे द्या. बीओडी (जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी) काढला असेल तर ५ दिवस २० अंशांवर की ३ दिवस २७ अंशांवर, हे सांगितल्याशिवाय आकडा निरर्थक आहे. भारतीय मानकात ३ दिवस २७ अंश येतं, परदेशी पेपरांत बहुधा ५ दिवस २० अंश. दोन्ही एकाच तक्त्यात शेजारी ठेवून ‘आपली नदी बरी’ म्हणू नका.

सातपुड्यातल्या वनस्पतींवर काम असेल, म्हणजे तोरणमाळ, यावलचं अभयारण्य वगैरे, तर वनविभागाच्या परवानगीचा क्रमांक, गोळा केल्याची तारीख, ओळख कुणी पटवली आणि हर्बेरियममध्ये ठेवलेल्या नमुन्याचा क्रमांक द्या. नुसतं स्थानिक नाव पुरत नाही. एकच नाव पावरी बोलीत एका झाडाला आणि शेजारच्या खोऱ्यात दुसऱ्याला असू शकतं. दुर्मिळ वनस्पती असेल तर मात्र नेमके अक्षांश-रेखांश छापू नका, तालुक्यावर थांबा. खणून नेणारेही वाचतात.

४. रसायनं आणि उपकरणं: काय लिहायचं, काय सोडायचं

‘पिपेट डिस्टिल्ड वॉटरने स्वच्छ धुतली’, ‘चंचुपात्रात द्रावण घेतलं’ हे सोडा. ते सगळेच करतात. ज्या गोष्टीने आकडा बदलतो ती लिहा: रसायनाची कंपनी आणि ग्रेड, द्रावणाची तीव्रता, उपकरणाचं मॉडेल आणि सेटिंग, तरंगलांबी, कॅलिब्रेशन कशाने केलं. पीएच मीटर असेल तर कोणत्या बफरने लावला आणि माती-पाण्याचं प्रमाण काय. १:२.५ चा पीएच आणि संपृक्त लगद्याचा पीएच एक नसतो.

तीन ठिकाणी हमखास पाय घसरतो.

खोलीचं तापमान. ‘खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवलं’ हे वाक्य थंड देशातल्या पेपरातून जसंच्या तसं आलेलं असतं. तिथे ते २०-२५ अंश असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेर पारा ४५ च्या घरात असतो, आणि एसी नसलेल्या लॅबमध्ये टेबलावर ठेवलेला अर्क काय सोसतो ते आपल्यालाच ठाऊक. डिसेंबरात तीच खोली निम्म्यावर येते. तापमापी टांगा आणि आकडा लिहा: ‘३६ ± २ अंश सेल्सियस’. एन्झाइम, सूक्ष्मजीव, वनस्पती-अर्क, सगळ्यांना हे लागू.

सेंट्रिफ्यूजचा वेग. ‘१०,००० आरपीएमला १० मिनिटं’ एवढ्यावर दुसऱ्याला काहीच करता येत नाही, कारण रोटरच्या त्रिज्येप्रमाणे बल बदलतं. सूत्र सोपं आहे: बल (जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) = ०.००००१११८ × त्रिज्या सेंमीमध्ये × आरपीएमचा वर्ग. ८ सेंमी त्रिज्येच्या रोटरवर १०,००० आरपीएम म्हणजे सुमारे ८,९४४ जी. ६ सेंमीच्या रोटरवर तेच ६,७०८ जी. जी द्या, आरपीएम दिलं नाही तरी चालेल.

लाइट. फ्रीझरमधले नमुने असतील आणि वीज तासन् तास गेली असेल तर ते नोंदवा. किती तास गेली, आतलं तापमान कितीवर आलं, नमुने वितळले का. वितळलेले नमुने बाद केले असतील तर किती, तेही.

५. विश्लेषणाची पद्धत: संदर्भावर किती सोडायचं

प्रस्थापित पद्धत असेल तर मूळ संदर्भ द्या आणि तुमचा बदल तेवढा लिहा. पूर्ण पाककृती पुन्हा उतरवायची गरज नसते. पण ‘बदल तेवढा’ म्हणजे नेमकं काय, इथे गोंधळ होतो. सेंद्रिय कर्बाचं उदाहरण घेऊ, कारण ते आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक माती-प्रबंधात असतं.

वॉकली आणि ब्लॅक यांची १९३४ ची पद्धत. माती, १ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेट १० मिली, तीव्र गंधकाम्ल २० मिली, अर्धा तास थांबायचं, पाणी आणि फॉस्फोरिक आम्ल घालून डायफिनाइल अमाइन निदर्शक वापरून फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेट करायचं. हे जगाला माहीत आहे, संदर्भ पुरे. पण या पद्धतीत मातीतला सगळा कर्ब जळत नाही, सरासरी ७७ टक्क्यांच्या आसपास जळतो. म्हणून कुणी उत्तराला १.३ ने गुणतं, कुणी गुणत नाही. गुणलं नाही तर ०.५० टक्के, गुणलं तर ०.६५ टक्के, माती तीच. त्यात कुणी १.७२४ ने गुणून ‘सेंद्रिय पदार्थ’ काढतं आणि तक्त्याच्या डोक्यावर ‘सेंद्रिय कर्ब’च राहून जातं: १.१२ टक्के. काळ्या मातीत आमच्या गावात कर्ब दुप्पट झाला अशा बातमीमागे कधीकधी एवढंच असतं.

म्हणून इथे लिहायचं ते असं: मूळ संदर्भ, माती किती ग्रॅम, कोणत्या चाळणीची, गुणक लावला की नाही आणि किती, ब्लँक (माती न घालता केलेलं टायट्रेशन) किती. दीड ओळीचं काम.

स्फुरदाचंही असंच. आपल्या काळ्या जमिनी अल्कधर्मी, म्हणून ओल्सन पद्धत (१९५४): ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेट, पीएच ८.५. हा पीएच द्रावण ठेवून दिलं की सरकतो, तेव्हा ताजं केलं होतं का ते लिहा. निळा रंग ॲस्कॉर्बिक आम्लाने आणला की स्टॅनस क्लोराइडने, त्यावर तरंगलांबी ठरते. पहिल्यासाठी ८८२ नॅनोमीटर, दुसऱ्यासाठी साधारण ६६०. ‘६६० ला ॲस्कॉर्बिक आम्ल पद्धतीने’ असं लिहिलेलं दिसलं की परीक्षक पेन उघडतात.

आणि एकक! स्फुरद मूलद्रव्य म्हणून दिलं की ऑक्साइड म्हणून? दोघांत २.२९ पटींचा फरक. पालाशात (पोटॅशियममध्ये) १.२ पटींचा. खताच्या गोणीवर ऑक्साइडचा हिशेब, मातीच्या पेपरात बहुधा मूलद्रव्याचा. मिलिग्रॅम प्रति किलोचं किलो प्रति हेक्टर करायला सगळे २.२४ ने गुणतात. तो गुणक हेक्टरभर जमिनीच्या वरच्या १५ सेंमी थराचं वजन २२.४ लाख किलो धरून आलेला आहे. तुम्ही माती ०–३० सेंमीची घेतली असेल तर तो जसाच्या तसा लावता येत नाही. सरळ मिलिग्रॅम प्रति किलो द्या, भांडणच मिटतं.

शिरपूर-चोपड्याकडे फार्मसीची मुलं एचपीएलसीची (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या तंत्राची) पद्धत बसवतात. त्यांना हे नियम जास्त काटेकोर लागतात: कॉलमची लांबी, व्यास आणि कणांचा आकार, मोबाइल फेजचं प्रमाण आणि पीएच, प्रवाह, इंजेक्शनचं आकारमान, तापमान. नुसतं ‘आर स्क्वेअर ०.९९९ आला’ पुरत नाही. कॅलिब्रेशनची श्रेणी, किती बिंदू, रिकव्हरी, आणि शोधमर्यादा कशी काढली ते द्या. उताराच्या सूत्राने काढली असेल तर ३.३ गुणिले सिग्मा भागिले उतार, आणि परिमाणमर्यादेसाठी १०. त्यातला सिग्मा (प्रमाण विचलन) कशाचा घेतला, ब्लँकचा की रेषेच्या आंतरछेदाचा, तेही सांगा.

एक सवय सोडा: साखळी संदर्भ. २०१९ चा पेपर २००८ कडे बोट दाखवतो, २००८ चा ‘यापूर्वी वर्णिलेल्या पद्धतीने’ म्हणून १९९७ कडे, आणि तिथे पद्धतच नसते. मूळ पेपर उघडून वाचा. मिळत नसेल तर पूर्ण पद्धत स्वतः लिहा.

६. रेप्लिकेशन (पुनरावृत्ती): तीन टेस्ट ट्यूब म्हणजे तीन नमुने नव्हेत

वरच्या मासल्यात पाच बागा, प्रत्येकीचा एक संमिश्र नमुना. प्रत्येक नमुन्याचं टायट्रेशन तीनदा केलं तर आकडे पंधरा येतात. पण संख्याशास्त्राला दाखवायचे किती? पाच. तीन टायट्रेशनं तुमचा हात किती स्थिर आहे ते सांगतात, बागांमधला फरक सांगत नाहीत. तिघांची सरासरी घ्यायची, बागेमागे एक आकडा.

शेतातल्या प्रयोगातही हेच. समजा खताच्या पाच ट्रीटमेंट, चार रेप्लिकेशन, रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन (प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळ्या ट्रीटमेंट यादृच्छिकपणे वाटलेल्या). एकूण वीस प्लॉट. प्रत्येक प्लॉटमध्ये चार गुणिले चार अशी सोळा झाडं, कडेची बारा सोडून मधल्या चारांचे घड मोजले. ट्रीटमेंटमागे झाडं सोळा झाली, पण एन (स्वतंत्र एककांची संख्या) सोळा नाही, चार आहे. कारण खत प्लॉटला दिलं, झाडाला नाही. त्रुटीचे स्वातंत्र्यांश (डिग्रीज ऑफ फ्रीडम) पाच वजा एक गुणिले चार वजा एक, म्हणजे चार गुणिले तीन, बारा. कुणी सोळा धरून बसला की सगळ्या ट्रीटमेंट ‘लक्षणीय’ निघतात आणि गाइड सर खूश होतात. रिव्ह्यूअर होत नाही. हर्लबर्ट या पर्यावरणशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये या दोषावर बोट ठेवून त्याला आभासी पुनरावृत्ती म्हटलं, तरी तो अजून सर्रास सापडतो.

त्यामुळे लिहा: प्रायोगिक एकक कोणतं (प्लॉट, झाड, कुंडी, प्राणी), ट्रीटमेंटमागे अशी एककं किती, प्रत्येक एककातून मोजमापं किती आणि त्यांचं काय केलं. ट्रीटमेंटची वाटणी चिठ्ठ्या टाकून केली की सॉफ्टवेअरने, हेही. ‘यादृच्छिकपणे’ हा शब्द लिहून प्रत्यक्षात शेतमालकाच्या सोयीने प्लॉट आखले असतील तर तो शब्द काढून टाका.

एखादं रीडिंग वगळलं असेल तर निकष सांगा. रानडुकरांनी एक प्लॉट उद्ध्वस्त केला, हे वगळायचं रास्त कारण आहे. आकडा पसंत पडला नाही, हे नाही.

७. संख्याशास्त्र: आकडेमोडीचं नाव पुरत नाही

‘डेटाचं विश्लेषण एसपीएसएसने केलं’ हे वाक्य ‘भाजी कढईत केली’ या धाटणीचं आहे. कोणती चाचणी, कशासाठी, कोणत्या पातळीवर? अनोव्हानंतर (अनेक सरासऱ्यांमधला फरक तपासणाऱ्या चाचणीनंतर) जोड्यांची तुलना टकीने की डंकनने की क्रिटिकल डिफरन्सने? गृहीतकं तपासली का? सॉफ्टवेअरची आवृत्ती? आपल्याकडे कृषीचे विद्यार्थी ऑपस्टॅट वापरतात, बाकीचे आर किंवा एक्सेल. कशालाच कमीपणा नाही, फक्त सांगा.

सरासरीच्या पुढे ± देऊन जो आकडा ठेवता तो प्रमाण विचलन आहे की प्रमाण त्रुटी? प्रत्येक तक्त्याखाली लिहा. त्रुटी लहान दिसते म्हणून ती देण्याचा मोह होतो; वाचणाऱ्याने विचलन समजून घेतलं तर सगळा अर्थ बदलतो.

८. माणसांना प्रश्न विचारले असतील तर

केळी उत्पादकांचं सर्वेक्षण, पाड्यांवरच्या औषधी वनस्पतींची माहिती, आरोग्याची प्रश्नावली. अशा कामात नीतिसमितीची मंजुरी आणि संमती आधी घ्यावी लागते, मागाहून नाही. मंजुरीचा क्रमांक आणि तारीख प्रकरणात द्या.

नमुन्याचा आकार ३८४ असलेले प्रबंध इतके का? कारण सूत्रात ९५ टक्के विश्वास, ५ टक्के त्रुटी आणि प्रमाण निम्मं धरलं की १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.००२५, उत्तर ३८४.१६. ठीक. पण ते सूत्र यादृच्छिक निवडीसाठी आहे. बाजार समितीच्या आवारात जे भेटले त्यांना विचारलं असेल तर आकडा ३८४ असला तरी निवड सोयीचीच राहते. तसं लिहा. सोयीची निवड म्हणजे पाप नाही.

मुलाखत कोणत्या बोलीत झाली हेही पद्धतीतच येतं. प्रश्नावली मराठीत छापलेली, विचारली अहिराणीत किंवा पावरीत, उत्तरं लिहिली मराठीत, प्रबंध इंग्रजीत. मधे दुभाषा होता का? तो गावातलाच होता का? सरपंच शेजारी बसलेले असताना दिलेलं उत्तर आणि एकट्याने दिलेलं उत्तर एक नसतं. पारंपरिक औषधी ज्ञान घेतलं असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली काय लागू होतं ते संशोधन केंद्रात आधीच विचारून घ्या.

९. भाषा: ‘घ्या’ नव्हे, ‘घेतलं’

प्रॅक्टिकलच्या जर्नलमधून उतरवलेलं लगेच ओळखू येतं: ‘५ मिली द्रावण घ्यावे, त्यात २ थेंब निदर्शक टाकावा.’ ही सूचना झाली. प्रबंधात केलेलं काम येतं, म्हणून भूतकाळ: ‘घेतलं’, ‘टाकला’, ‘मोजलं’. इंग्रजीत लिहितानाही काळ तोच. ‘थोडं’, ‘पुरेसं’, ‘नीट हलवून’, ‘रात्रभर’ हे शब्द शोधून त्यांच्या जागी आकडे घाला. रात्रभर म्हणजे कुणासाठी आठ तास, कुणासाठी सोळा.

आणि निकाल इथे सांडू देऊ नका. ‘पीएच मोजला असता ८.२ आढळला’ यातला ८.२ पुढच्या प्रकरणाचा आहे.

साम्य तपासणीत (उचललेला मजकूर शोधणाऱ्या) हेच प्रकरण सगळ्यात लाल दिसतं, कारण ठरलेल्या पद्धती सगळे ठरलेल्याच शब्दांत लिहितात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं जातं, त्यापुढे पायऱ्या चढत जातात. उपाय म्हणून शब्द उलटेपालटे करणं घातक आहे. ‘तीव्र आम्ल’चं ‘कडक आम्ल’ झालेलं मी पाहिलंय. मूळ संदर्भ देऊन पद्धत दोन ओळींत आवरा आणि स्वतःचे बदल स्वतःच्या शब्दांत लिहा, साम्य आपोआप उतरतं. एआयला ‘मेथड लिहून दे’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की ते तुमच्या लॅबमध्ये नव्हतं. ‘४ अंशांवर रात्रभर ठेवलं’ असं ते छान लिहून देतं, तुमच्याकडे फ्रिज असो वा नसो.

१०. देण्याआधीची तपासणी

दुसऱ्या लॅबमधल्या मित्राला प्रकरण द्या, गाइडना नाही. गाइडना सगळं माहीत असतं, त्यांना गाळलेल्या जागा दिसत नाहीत. मित्राला सांगा, जिथे प्रश्न पडेल तिथे पेन्सिलने फक्त खूण कर. खुणा मोजा, तेवढे फोन वाचले.

मग निकालांचा प्रत्येक तक्ता घेऊन उलटं तपासा: या स्तंभातला आकडा कसा आला हे पद्धतीत लिहिलंय का? जस्ताचे आकडे आहेत आणि जस्ताची पद्धतच नाही, असं हमखास निघतं. उलट पद्धत लिहिलीय आणि आकडे कुठेच नाहीत, असंही निघतं. ती पद्धत काढून टाका.

लांबलचक प्रश्नावली, द्रावणं बनवायच्या कृती, प्लॉटचा आराखडा परिशिष्टात हलवा. पेपर असेल तर पूरक फाइलमध्ये. कच्ची रीडिंग्ज दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, त्यातलं एक लॅबच्या कॉम्प्युटरबाहेरचं असू द्या.

उरलेली माती व्हायवा होईपर्यंत टाकू नका. पिशवीवर कोड पेन्सिलने लिहा आणि तसलीच एक चिठ्ठी पिशवीच्या आतही टाका. मार्करची शाई आपल्याकडच्या एका उन्हाळ्यात उडून जाते.